कुर्दी डोंगरगावाचा भूगोल कसा नोंदवावा: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मराठीतून परदेशी गावांवर लिहिणारे आता बरेच आहेत. कुणी विश्वकोशी नोंदी करतं, कुणी भूगोलाच्या प्रकल्पासाठी एखादं गाव निवडतं, कुणी प्रवासाआधी अभ्यास म्हणून टिपणं काढतं. कुर्दी गावांवरची अशी टिपणं वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. गाव भलत्याच देशात जातं. त्याच नावाचं दुसरं गाव उचललं जातं. उंची दोनशे मीटरने हुकते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो असं गृहीत धरून शेती, नदी आणि जनावरं यांचं सगळं वर्णन त्यावर रचलं जातं. हा एक दगड चुकीचा बसला की वरचं सगळंच वाकडं होतं.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा: आधी उतार, मग पाणी, मग ऋतू आणि त्यानंतर माणसं. लोकसंख्या, प्रसिद्धी, पर्यटन हे सगळं शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. लोकसंख्येचा आकडा आधी मिळतो, म्हणून तिथूनच लिहायला बसतात.

उदाहरण म्हणून पालंगान हे गाव घेऊ. ते इराणच्या कुर्दिस्तान प्रांतात, कामयारान शहराच्या बाजूला, एका अरुंद घळीच्या दोन्ही उतारांवर वसलेलं आहे. खालच्या घराचं धाबं हे वरच्या घराचं अंगण, अशी तिथली रचना. जोडीला हवरामान हा इराण-इराक सीमेवरचा डोंगराळ कुर्दी परिसर आणि गरजेप्रमाणे इराक, तुर्कस्तानातली गावंही येतील, कारण प्रत्येक देशात अडचण निराळी असते.

## तयारी

साधनं फारशी लागत नाहीत आणि ती सगळी फुकट आहेत.

ओपनस्ट्रीटमॅप नावं आणि रस्ते पाहण्यासाठी. ओपनटोपोमॅप समोच्च रेषांसाठी. गूगल अर्थची संगणकावर चालणारी आवृत्ती जुनी चित्रं मागे सरकवून पाहण्यासाठी. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या ब्राउझरवर मिळतात. ती २०१५ पासूनची आहेत आणि १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. त्याआधीचं पाहायचं असेल तर अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह. त्यात १९८४ पासून ३० मीटर तपशिलाची चित्रं सापडतात.

वहीत तीन रकाने आखा: काय पाहिलं, कुठे पाहिलं, ते कोणत्या तारखेचं आहे. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. पश्चिम इराणमधल्या झाग्रोस पर्वतातलं गाव फेब्रुवारीत पांढरं, मेमध्ये हिरवं आणि ऑगस्टमध्ये पिवळं दिसतं. तारीख माहीत नसेल तर समोरचं चित्र काय सांगतंय हेच कळत नाही.

इशारा: लिहायला सुरुवात करण्याआधी पर्यटनाचे व्हिडिओ पाहू नका. ते जवळजवळ सगळे वसंतातले असतात. एकदा ते डोळ्यांत बसले की गाव बारमाही हिरवं वाटू लागतं.

## टप्पा १: देश आणि प्रशासकीय उतरंड ठरवा

'कुर्दिस्तान' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. या नावाने किमान तीन गोष्टी ओळखल्या जातात. पहिली, इराणमधला कुर्दिस्तान प्रांत, ज्याची राजधानी सनंदज. दुसरी, इराकमधला कुर्दिस्तान प्रदेश, ज्याची राजधानी अर्बील. तिसरी, तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत पसरलेला कुर्दी लोकांचा मोठा भूभाग.

शिवाय कुर्दी गाव म्हणजे कुर्दिस्तान प्रांतातलंच गाव असंही नाही. इराणमध्ये केरमानशाह, पश्चिम अझरबैजान आणि इलाम या प्रांतांतही कुर्दी गावं आहेत. हवरामानच्या बाबतीत हा गोंधळ हमखास होतो. २०२१ मध्ये हवरामानचा सांस्कृतिक भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तो कुर्दिस्तान आणि केरमानशाह अशा दोन प्रांतांत विभागलेला आहे. त्यामुळे 'हवरामानातलं गाव' म्हटलं तरी प्रांताचा प्रश्न सुटत नाही.

उतरंड त्या त्या देशाच्या शब्दांत लिहा:

- इराण: ओस्तान, शहरेस्तान, बख्श, देहेस्तान, गाव.
- इराक: मुहाफजा, कजा, नाहिया, गाव.
- तुर्कस्तान: इल, इल्चे, क्योय.
- सीरिया: मुहाफजा, मन्तिका, नाहिया, गाव.

शहरेस्तानला एका ओळीत जिल्हा आणि पुढच्या ओळीत तालुका म्हणणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'प्रांताखालचा मोठा विभाग' असं समजावून सांगा आणि शेवटपर्यंत तोच शब्द वापरा.

तुर्कस्तानात आणखी एक अडचण आहे. महानगरपालिका असलेल्या प्रांतांतली गावं २०१२ च्या कायद्याने कागदोपत्री 'महाल्ले' झाली आणि २०१४ पासून ती शहराच्या प्रभागांसारखी नोंदली जातात. दियारबकीर, मार्दिन आणि वान हे त्यातलेच प्रांत. म्हणून सरकारी यादीत एखाद्या डोंगरातल्या वाडीपुढे 'महाल्ले' दिसलं तरी ती शहराची वस्ती समजू नका. हक्कारी आणि शिरनाकमध्ये अजून क्योयच आहे.

तपासणी: सीमा आणि विभाग बदलतात. इराकमधली बियारा, तवेला ही सीमेलगतची ठिकाणं जुन्या लिखाणात सुलेमानियामध्ये दाखवलेली असतात. कुर्दिस्तान प्रादेशिक सरकारने २०१४ मध्ये हलब्जाला वेगळा प्रांत केल्यावर ती तिकडे गेली. तुमचा संदर्भ कोणत्या वर्षाचा आहे ते पाहिल्याशिवाय प्रांत लिहू नका.

## टप्पा २: नाव पक्कं करा

एकाच गावाला दोन-तीन नावं असणं इथे नेहमीचं आहे. एक गावकऱ्यांचं, एक सरकारी आणि कधी कधी जुन्या नकाशातलं तिसरंच. तुर्कस्तानात कुर्दी नावांच्या जागी तुर्की नावं आली. शिरनाक प्रांतातलं रोबोस्की सरकारी कागदांत ओर्तासू आहे. सीरियातलं कोबानी अरबी नकाशांवर ऐन अल-अरब म्हणून सापडतं. इराणमध्ये फरक बहुधा उच्चाराचा असतो: फारसीत उरामान, कुर्दीत हवरामान. मरीवानजवळचा तलाव फारसीत जरीवार, कुर्दीत जरेबार.

नद्यांचंही तसंच. हवरामानातून वाहणारी सिरवान इराकमध्ये पुढे दियाला होते आणि बगदादच्या खालच्या अंगाला तैग्रिसला मिळते. सिरवान आणि दियाला या दोन वेगळ्या नद्या म्हणून लिहिलेली टिपणं मराठीत आहेत.

नावापुढच्या शेपटाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात, तशी इराणमध्ये ओल्या आणि सोफला ही जोडी असते. ओल्या म्हणजे वरचं, सोफला म्हणजे खालचं. शेपूट गाळलं की दोन गावांची माहिती एकात मिसळते. तुर्कस्तानात हेच काम युकारी आणि आशाई करतात.

नावातले काही शब्द भूगोलाचा धागा हातात देतात. कानी म्हणजे झरा, चम म्हणजे नदी किंवा ओढा, दोल म्हणजे दरी, गली आणि दरबंद म्हणजे घळ, गिर्द म्हणजे टेकाड. पण यांना पुरावा समजू नका. नावात कानी असलेल्या गावाचा झरा आटलेलाही असू शकतो. तो आहे की नाही हे टप्पा ५ मध्ये तपासायचं.

तपासणी: गावाचं नाव फारसीत, अरबीत किंवा तुर्कीत जसं लिहिलेलं असेल तसंच नकाशावरून उचलून पुन्हा शोधा. तसं शोधून एकाच प्रांतात एकाहून जास्त ठिकाणं आली, तर शेजारच्या दोन गावांची नावं जोडून खात्री करा. इंग्रजी स्पेलिंगवरून शोधू नका. 'पालंगान' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल आणि प्रत्येक शोध वेगळीकडे नेईल.

## टप्पा ३: बिंदू आणि उंची

अनेक याद्यांमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश मिनिटांपर्यंत गोल केलेले असतात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. ३५ अंश उत्तरेवर रेखांशाचा एक मिनिट सुमारे १.५ किलोमीटर. सपाट मुलखात एवढ्याने बिघडत नाही. झाग्रोसमध्ये मात्र एवढ्या फरकाने गाव नदीतून उचलून पलीकडच्या धारेवर जातं आणि मग उंचीही त्या धारेचीच लिहिली जाते.

क्रम असा ठेवा:

1. यादीतला बिंदू उपग्रहचित्रावर उघडा. तिथे घरं दिसतात का?
2. दिसत नसतील तर आजूबाजूच्या तीन किलोमीटरांत वस्ती शोधा आणि नाव जुळवा.
3. मशिदीजवळ किंवा वस्तीच्या मध्यावर नवा बिंदू घ्या, दशांशात चार घरांपर्यंत. चौथं घर म्हणजे सुमारे ११ मीटर, याहून बारीक लागत नाही.
4. उंची एका बिंदूची घेऊ नका. ओढ्याच्या पात्राची एक, सर्वांत खालच्या घराची एक, सर्वांत वरच्या घराची एक, अशा तीन घ्या.

पालंगानसारख्या उतरंडीच्या गावात चौथी पायरी फार महत्त्वाची. पहिल्या आणि शेवटच्या घराच्या उंचीत इतका फरक असतो की 'गावाची उंची अमुक मीटर' या वाक्याला अर्थच उरत नाही. 'घरं या उंचीपासून त्या उंचीपर्यंत चढत गेली आहेत' असं लिहा.

इशारा: बहुतेक फुकट उंचीमाप फेब्रुवारी २००० मधल्या एका अंतराळयान मोहिमेच्या रडार मोजणीवर आधारलेलं असतं आणि त्याचा चौकोन ३० मीटरचा असतो. अरुंद घळीत एका चौकोनात कडा आणि तळ दोन्ही येतात. म्हणून आकडा दहाच्या पटीत गोल करा. '१,४३७ मीटर' असं लिहिणं म्हणजे हातात नसलेली अचूकता दाखवणं.

## टप्पा ४: उतार कुठे तोंड करून आहे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या मते गाव तिथेच का वसलं याचं अर्धं उत्तर इथे असतं.

पुण्यात डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. ३५ अंश उत्तरेवर, म्हणजे पालंगानच्या आसपास, तो ३१ ते ३२ अंशांवरच राहतो. त्या दिवशी दक्षिणेला ३०० मीटर उंच धार असेल तर तिची दुपारची सावली सपाटीवर जवळजवळ ४९० मीटरपर्यंत पोचते. त्या सावलीत सापडलेल्या घरांना हिवाळ्यात ऊन मिळत नाही, गल्लीतलं बर्फ हटत नाही आणि जनावरांना उबेला जागा राहत नाही. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले उतार वस्तीसाठी पसंत केले जातात आणि एकापाठोपाठ एक धाब्यांची रचना अशाच उतारांवर शोभते.

झाग्रोसच्या रांगा साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे धावतात. नद्या कधी रांगेला समांतर वाहतात आणि कधी रांग कापून आडव्या बाहेर पडतात. समांतर दरीत दोन उतार ठळकपणे वेगळे असतात: एक नैर्ऋत्येकडे तोंड करून उन्हात, दुसरा ईशान्येकडे तोंड करून सावलीत. आडव्या घळीत हा हिशोब बदलतो, कारण दोन्ही उतारांना दिवसाचा वेगवेगळा प्रहर मिळतो. एकाला सकाळ, दुसऱ्याला दुपार.

काय करायचं: समोच्च रेषांच्या नकाशावर घळीचा कल काढा. गाव कोणत्या काठावर जास्त पसरलंय ते पाहा. मग फेब्रुवारीच्या शेवटच्या किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं निरभ्र सेंटिनेल चित्र उघडा. कोणत्या उतारावरचं बर्फ आधी गेलंय ते डोळ्यांना दिसेल. उतार आणि ऊन यांची ही सर्वांत सोपी पडताळणी.

तपासणी: गाव सावलीच्या उतारावर निघालं तर घाईने 'चूक झाली' म्हणू नका. तिथे झरा आहे का, रस्ता तिथूनच जातो का, पलीकडची जमीन शेतीसाठी राखलेली आहे का, हे पाहा. पाणी आणि जमीन पुष्कळदा उन्हावर मात करतात.

## टप्पा ५: पाणी शोधा

सह्याद्रीच्या काळ्या खडकातले झरे मार्च-एप्रिलमध्ये मंदावतात, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. झाग्रोसचा मोठा भाग चुनखडीचा आहे. पाऊस आणि वितळलेलं बर्फ खडकाच्या भेगांतून आत उतरतं, पोकळ्यांमधून दूरवर जातं आणि पाणी न मुरवणारा थर लागला की झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून डोंगरमाथा उन्हाळ्यात कोरडाठाक असतानाही पायथ्याचा एखादा झरा जोरात वाहू शकतो. घळीतलं गाव अनेकदा अशा झऱ्याला धरून वसलेलं असतं. पालंगानमध्ये घळीतल्या पाण्यावर ट्राउट माशांची शेती चालते. ट्राउटला थंड, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. ते तिथे टिकतात याचाच अर्थ उन्हाळ्यातही पाणी थंड आणि वाहतं राहतं.

पाणी शोधायची हुकमी पद्धत ही:

1. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याचं निरभ्र चित्र उघडा.
2. त्यात जे हिरवं आहे त्याच्या कडा आखा. माथ्यावरची विरळ ओकची झाडं सोडून द्या. तुम्हाला हवे आहेत ते दाट, सलग हिरवे पट्टे.
3. प्रत्येक पट्टा उताराच्या वरच्या बाजूला कुठे सुरू होतो ते पाहा. तिथे झरा असतो, नाहीतर पाटाचं तोंड.
4. पट्टा समोच्च रेषेला धरून आडवा जात असेल तर तो पाट. रेषा कापत खाली उतरत असेल तर ओढा.

आपल्या नजरेला हे उलटं वाटतं. सह्याद्रीत ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं असतं, त्या चित्रावरून बागायत कळत नाही. झाग्रोसमध्ये ऑगस्टमध्ये हिरवं उरतं ते फक्त ओलिताखालचं. म्हणजे मराठी माणसाने जे चित्र कुचकामी म्हणून बाजूला टाकलं असतं, तेच इथे सर्वांत बोलकं.

इशारा: एप्रिलच्या चित्रावरून बागायत ठरवू नका. तेव्हा कोरडवाहू गहू, गवत, बागा सगळं एकाच रंगात मिसळलेलं असतं.

नदीबद्दल लिहिताना पूर कधी येतो हे तपासा. सिरवानसारख्या नद्या बर्फ वितळताना आणि वसंतातल्या पावसात, म्हणजे मार्च ते मेदरम्यान, भरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या सर्वांत क्षीण असतात.

## टप्पा ६: वर्षाचं चक्र, आणि मान्सून डोक्यातून काढणं

या भागात पाऊस पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या हिवाळी आवर्तांतून पडतो. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरुवात होते आणि मेमध्ये तो संपतो. जून ते सप्टेंबर जवळजवळ कोरडा. उंचावर हिवाळी पावसाचं बर्फ होतं.

बारा महिन्यांची पट्टी आखा आणि आधी फक्त चार गोष्टी भरा: पाऊस, बर्फ, नदीचा फुगवटा, कोरडा काळ. ही पट्टी डोळ्यांसमोर असल्याशिवाय शेतीबद्दल एक वाक्यही लिहू नका. मग त्यावर पिकं बसवा. कोरडवाहू गहू शरदात पेरतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात. गाव जितकं उंच तितकी काढणी उशिरा. भाजीपाला आणि फळबाग उन्हाळी पाण्यावर. खरीप आणि रब्बी हे शब्द इथे टाळा. वाचकाच्या मनात त्यांच्याबरोबर मृगही येतो आणि जोडलेले महिने सगळे चुकतात. जिरायत आणि बागायत हे शब्द मात्र खुशाल वापरा. ते तिथल्या कोरडवाहू आणि ओलिताखालच्या जमिनीच्या भेदाला चपखल बसतात.

पावसाचा आकडा जवळच्या मोठ्या शहराचा उचलू नका. पश्चिमेच्या मरीवानला पूर्वेच्या सनंदजपेक्षा जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो आणि दोन्ही शहरं एकाच प्रांतात आहेत. महाबळेश्वरचा पाऊस वाईला लावावा, अशातला हा प्रकार आहे. तापमानासाठी दर हजार मीटर उंचीला सुमारे ६.५ अंश सेल्सियस घट हा ढोबळ हिशोब चालतो, पण घळीत थंड हवा तळाशी साचते. हिवाळ्यातल्या रात्री तळाचं घर वरच्या घरापेक्षा गारही असू शकतं.

आता जनावरं. हवरामानात उन्हाळ्यात कुटुंबं गुरंमेंढरं घेऊन उंचावरच्या हंगामी वस्तीत जातात. तिला हवार म्हणतात. उत्तरेकडच्या, कुर्मांजी ही कुर्दी बोली बोलणाऱ्या भागात अशा उन्हाळी कुरणांना जोजान म्हणतात. गावाचा भूगोल फक्त घरांपाशी संपवला तर ही अर्ध्या वर्षाची जागा हरवते. उन्हाळी चित्रात गावापासून वर जाणारी वाट, तिच्या टोकाशी दगडी वाडे आणि तुडवलेली जमीन दिसली तर नोंद करा आणि टप्पा ९ मध्ये विचारा.

तपासणी: तुमच्या टिपणात 'पावसाळ्यात' हा शब्द आला असेल तर तो खोडून महिन्यांची नावं लिहा.

## टप्पा ७: जमीन, झाडं, घरांची ठेवण

उतारावरची शेती पायऱ्यांची असते. बांध चुन्याशिवाय, नुसते दगड रचून बांधलेले, कोकणातल्या गडग्यासारखे. अक्रोड, डाळिंब, तुती, अंजीर, द्राक्षं या बागा पाण्याच्या जवळ. कुर्दिस्तान प्रांतात स्ट्रॉबेरीही मोठ्या प्रमाणात होते. त्यावर ओकचं विरळ रान आणि त्यात जंगली पिस्त्याची झाडं. त्याहून वर गवत आणि उघडा खडक. हे पट्टे खालून वर याच क्रमाने लिहा, म्हणजे वाचकाला चढण जाणवते.

त्या रानाला 'घनदाट अरण्य' म्हणू नका. झाडांमधलं अंतर चित्रात मोजता येतं.

घरांची ठेवण लिहिताना 'पायऱ्यांसारखी घरं' एवढ्यावर थांबू नका. धाब्यांचा वापर अंगण, वाट आणि वाळवण म्हणून कसा होतो, गल्ल्या समोच्च रेषेला धरून जातात की आडव्या, पूल किती आणि कुठे, एवढं तरी पाहा.

## टप्पा ८: काय बदललंय

जुना नकाशा खोटा नसतो, पण तो आजचा नसतो. चार गोष्टी तपासा.

उद्ध्वस्त आणि हललेली गावं. १९८७-८८ मध्ये इराकी सरकारने कुर्दी भागातली हजारो गावं पाडली. १९९१ नंतर पुष्कळ लोक परतले, पण काही ठिकाणी नवी वस्ती जुन्या जागेवर न होता रस्त्याकडे सरकली. १९९० च्या दशकात तुर्कस्तानातही बरीच गावं रिकामी केली गेली. म्हणून जुन्या नकाशातला बिंदू आणि आजची वस्ती वेगळ्या निघाल्या तर दोन्ही नोंदवा.

धरणं. केरमानशाह प्रांतातल्या पावे भागात सिरवानवर दरियान धरण झालं. त्यात २०१५ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि बिल नावाचा मोठा झरा बुडाला. त्याआधीच्या चित्रात जिथे अरुंद नदी आहे तिथे आज तलाव आहे. तुर्कस्तानात तैग्रिसवरच्या इलिसू धरणाने २०२० पर्यंत हसनकैफसह मोठा पट्टा पाण्याखाली नेला.

भूकंप. १२ नोव्हेंबर २०१७ च्या ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने केरमानशाह प्रांतातल्या सरपोल-ए-जहाब परिसरातली गावं कोसळली. त्या भागातल्या घरांचं वर्णन करताना चित्र त्याआधीचं की नंतरचं हे लिहा. जुनी दगडमातीची घरं आणि नंतरची सिमेंटची घरं या दोन वेगळ्या वस्त्या आहेत.

लोकसंख्या. इराणच्या शेवटच्या जनगणनेचं वर्ष फारसी कागदात १३९५ असं दिसतं. त्यात ६२१ मिळवा म्हणजे २०१६ येतं. इराकमध्ये संपूर्ण देशाची जनगणना नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. १९९७ च्या जनगणनेत कुर्दी प्रशासनाखालचे तीन प्रांत नव्हते. सीरियाची शेवटची २००४ ची. आकड्याबरोबर वर्ष लिहा आणि ते इसवी सनात लिहा.

गंभीर इशारा: इराण-इराक सीमेवर १९८०-८८ च्या युद्धातले सुरुंग अजून जमिनीत आहेत. पूर आणि वितळणारं बर्फ त्यांना जागेवरून हलवतं. उपग्रहचित्रावर दिसलेली पायवाट 'चालण्याजोगा मार्ग' म्हणून कधीही छापू नका. दुसरं कारणही तितकंच मोठं आहे. या वाटांवरून पाठीवर माल वाहून पोट भरणारे कोलबर जातात आणि सीमारक्षकांच्या गोळ्यांनी त्यातले अनेक जण मेले आहेत. त्यांच्या वाटांचा नकाशा काढून प्रसिद्ध करणं म्हणजे कुणाचा तरी जीव धोक्यात घालणं. सीमेजवळच्या गावात मोटाररस्त्यापलीकडे काहीही आखू नका.

## टप्पा ९: गावातल्या माणसाला विचारा

पहिले आठ टप्पे झाल्यावरच विचारा. आधी विचारलं तर 'तुमच्या गावाबद्दल सांगा' असा पोकळ प्रश्न जातो आणि पर्यटनाचं ठरलेलं उत्तर येतं. तुमच्याकडे नकाशा आणि बारा महिन्यांची पट्टी असेल तर प्रश्न नेमके होतात:

- घळीतलं शेवटचं बर्फ कोणत्या महिन्यात जातं?
- पिण्याचं पाणी कोणत्या झऱ्यातून येतं? तो कधी आटतो का?
- पाटाच्या पाण्याची पाळी कशी ठरते?
- उन्हाळ्यात जनावरं कुठे जातात आणि कोण जातं?
- हिवाळ्यात रस्ता किती दिवस बंद राहतो?

सोरानी ही कुर्दी बोली बोलणाऱ्या भागात पुरुषाच्या नावाआधी 'काक' आणि स्त्रीच्या नावानंतर 'खान' लावतात. शिक्षक किंवा मुल्ला असेल तर 'मामोस्ता'. पालंगान आणि हवरामानातले लोक घरात हवरामी ही तिथली स्वतःची बोली बोलतात. त्यांच्याशी फारसीत किंवा सोरानीत बोलताना स्थळनावं मात्र त्यांच्या उच्चारात पुन्हा म्हणून घ्या. इराणचं घड्याळ भारतापेक्षा दोन तास मागे, इराक आणि तुर्कस्तानचं अडीच तास.

सीमा, पक्ष, लष्कर यांबद्दल विचारू नका. उत्तर देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते. नाव छापू का, हे प्रत्येकाला वेगळं विचारा आणि उत्तर अर्धवट वाटलं तर छापू नका.

## टप्पा १०: लिहा, त्याच क्रमाने

पहिल्या वाक्यात देश, प्रांत, शहरेस्तान. दुसऱ्यात दरी आणि उतार. तिसऱ्यात पाणी. मग ऋतू, जमीन, घरं. लोकसंख्या वर्षासह सगळ्यात शेवटी. असा परिच्छेद तयार होतो:

'पालंगान हे इराणच्या कुर्दिस्तान प्रांतात कामयारान शहरेस्तानातलं डोंगरी गाव आहे. घरं एका अरुंद घळीच्या दोन्ही उतारांवर एकावर एक चढत गेली आहेत आणि खालच्या घराचं धाबं वरच्याचं अंगण होतं. घळीतून वाहणाऱ्या पाण्यावर ट्राउट माशांची शेती चालते. पाऊस आणि बर्फ मुख्यतः नोव्हेंबर ते मे या काळात पडतं. जून ते सप्टेंबर कोरडा असतो. गावात हवरामी बोलली जाते.'

परिच्छेद झाल्यावर प्रत्येक वाक्यासमोर वहीतला रकाना शोधा. ज्या वाक्याला रकाना नाही ते काढा. 'निसर्गरम्य', 'शांत', 'प्राचीन' यांना रकाना कधीच सापडत नाही.

नोंदीखाली उपग्रहचित्रांच्या तारखा आणि जनगणनेचं वर्ष टाका. पुढचा माणूस ऑगस्टचं नवं चित्र उघडून हिरवे पट्टे वाढले की आकसले, हे तुमच्या तारखेशी ताडून पाहील.